ओहमशास्त्री

ओहम हा शब्द पहिल्यांदा त्यांच्या घरात शिरला तेव्हा त्याच्या आईला फार आनंद झाला. पन्नाशी गाठलेला मुलगा अखेर मार्गाला लागला, असं तिला वाटलं. रात्रीचं जेवण झालं की तो माडीवर जायचा, डोळे मिटून बसायचा आणि मग कुणाला तरी फोनवर सांगायचा, "तीनशे ओहम आरामात जमतात रे, पण पन्नास ओहम घेतले की दम निघतो." आईनं कासार आळीतल्या चार बायकांना सांगितलं की आमचा हल्ली तीनशे वेळा ओम म्हणतो. त्यातल्या एकीनं विचारलं, "तीनशे जमतात, तर मग पन्नासला का दमतो?" या प्रश्नाचं उत्तर आईकडे नव्हतं. आळीत मात्र त्याचं नाव ओहमशास्त्री पडलं ते पडलंच.

तिला बिचारीला काय माहीत, की गेऑर्ग ओहम नावाच्या एका जर्मन मास्तरानं १८२७ साली विजेच्या प्रवाहाचा नियम छापला आणि त्याची फळं दोनशे वर्षांनी भिवंडीतल्या एका सुनेला भोगावी लागणार आहेत.

ओहमशास्त्री ही एक जमात आहे. पुण्यात, डोंबिवलीत, नाशकात, गावोगावी तिचे लोक आहेत. महागडा हेडफोन घ्यायचा, आणि मग उरलेलं आयुष्य तो वाजवणारा ॲम्प्लिफायर शोधण्यात घालवायचं, हे जमातीचं लक्षण. पण बाकीच्या गावांत हा नुसता छंद असतो. भिवंडीत ते व्रत होतं, कारण इथे आधी ऐकू यायचीच पंचाईत.

आमचा शास्त्री एका ग्रे कापडाच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो. मी सुताची दलाली करतो, म्हणून ओळख. त्याच्या माडीची मागची भिंत आणि कारखान्याची भिंत एकच. पलीकडे चोवीस माग. साध्या यंत्रमागावर धोटा मिनिटाला शंभर-सव्वाशे वेळा इकडून तिकडे फेकला जातो, आणि प्रत्येक फेकीला एक दणका. अशा कारखान्यात आवाज नव्वद ते शंभर डेसिबलच्या घरात असतो. कारखान्यांच्या नियमात आठ तासांसाठी नव्वदची मर्यादा आहे, पण नियम वाचून दाखवायचा तर आधी माग बंद करावे लागतील. भिंतीमुळे माडीवर त्यातला बराच आवाज गाळून येतो, तरी लय तेवढी स्पष्ट येते. शास्त्रीच्या माडीवर कोणताही गवई विलंबित गाऊ शकत नाही. मागून चोवीस जणांची द्रुत साथ चालू असते.

अशा जागी राहणाऱ्या माणसानं कान बंद करणारा हेडफोन घ्यावा की नाही? यानं घेतला हायफायमनचा एचई-६. २०१० सालचं मॉडेल, ठाण्याच्या एका समव्यसनी माणसाकडून जुना घेतलेला, वजन अर्धा किलो. आणि पाठीमागून उघडा! जाळीच्या आड एक पातळ पडदा, त्या पडद्यावर तारेची नक्षी, दोन्ही बाजूंना चुंबकं. आतला आवाज बाहेर जातो आणि बाहेरचा बिनदिक्कत आत येतो. मी म्हटलं, "अरे, हा तर झरोका आहे." तो म्हणाला, "त्यामुळेच साउंडस्टेज मोकळं लागतं." त्या मोकळ्या स्टेजवर चोवीस माग आधीच बसलेले होते, हे मी बोललो नाही.

हाच का घेतला, तर हा चालवायला अवघड म्हणून प्रसिद्ध आहे. जो हेडफोन कुठल्याही फोनला लावला की गुमान वाजतो, त्याच्याबद्दल या जमातीला आदर नसतो. हेडफोन कसा जावयासारखा हवा. उठताबसता त्याचा मान राखावा लागला पाहिजे, आणि एवढं करूनही तो रुसून बसला पाहिजे. एचई-६ म्हणजे बाराही महिने अधिक महिना. धोंड्याचं जेवण रोज.

त्याच्या या रुसव्याचा हिशेब एकदा मी शास्त्रीकडून समजावून घेतला, एका बिल्टीच्या मागच्या बाजूला. हेडफोनला एक मिलिवॉट वीज दिली की तो किती आवाज करतो, ती त्याची संवेदनशीलता. कानात खुपसायचे साधे इअरफोन शंभरच्या वर डेसिबल देतात. हा देतो साडेत्र्याऐंशी. आणि डेसिबलचं गणित सावकारी व्याजाचं आहे. दहा डेसिबल वाढवायचे तर वीज दहापट, वीस वाढवायचे तर शंभरपट. शिवाय ओहम वेगळेच. सेनहायझरचा एचडी ६०० आहे ३०० ओहमचा. ती आपली जुनी आळी झाली. वाट अरुंद, गाडी ढकलायला जोर लागतो, म्हणजे व्होल्ट जास्त, पण माल थोडकाच जातो. एचई-६ आहे ५० ओहमचा. म्हणजे मानकोलीचं गोदाम. रस्ता रुंद आहे, पण ट्रकमागून ट्रक माल ओतला तरी गोदाम म्हणतं, अजून आणा. म्हणून काही लोक तो सरळ मोठ्या स्पीकरच्या ॲम्पला जोडतात. हेडफोनच्या भोकाला नव्हे, स्पीकरच्या तारा लावतात त्या खुंट्यांना.

"पण शेवटी लागते किती वीज?" मी विचारलं.

त्यानं आकडा काढला. संगीतातला सगळ्यात मोठा ठोका ११० डेसिबलचा धरला, तरी साधारण अर्धा वॉट. पावणेपाच व्होल्ट.

अर्धा वॉट! आपला झीरोचा बल्बसुद्धा बारा-पंधरा वॉट खातो. भिंतीपलीकडच्या मागाची मोटार एक अश्वशक्तीची धरली तर ७४६ वॉट. तिच्यावर असे जवळपास दीड हजार हेडफोन वाजले असते. बरं, साध्या फोनमधून एक व्होल्ट निघतो असं धरलं, तरी हिशेबानं हा शहाण्णव डेसिबलपर्यंत जातो. एवढ्या आवाजात आमच्याकडे हळदी होतात. मी हे सगळं त्याला मांडून दाखवलं. तो माझ्याकडे करुणेनं पाहत म्हणाला, "आवाज होणं वेगळं आणि वाजणं वेगळं." या वाक्यावर जमातीचा सगळा प्रपंच चालतो.

पहिला ॲम्प आला व्हॉल्व्हचा. रशियन बनावटीच्या काचेच्या नळ्या, आत नारिंगी उजेड. आईनं संध्याकाळी त्याला हात जोडले. दिसायला सुरेख, पण त्यात बाहेर पडायच्या वाटेवर ट्रान्सफॉर्मर नव्हता, आणि असला ॲम्प तीनशे ओहमच्या हेडफोनशी गोडीनं नांदतो. पन्नास ओहमवाल्यानं हात पसरला की धापा टाकतो. शास्त्रीच्या फोनवरच्या "पन्नासला दम निघतो"चा अर्थ हा होता.

दुसरा एका अमेरिकन कंपनीचा. दोन इंजिनिअरांनी २०१० साली काढलेली, आणि नाव मुद्दाम असं ठेवलंय की ते आपल्याकडे पोरांनी उच्चारलं तर पाठीत धपाटा बसतो. खोकं उघडताना वहिनींनी विचारलं, "काय आणलंत?" त्यानं कंपनीचं नाव सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "ते दिसतंच आहे. पण नाव काय?"

या खोक्याचा प्रवासही सांगण्यासारखा आहे. मुंबई-ठाण्याच्या निम्म्या पार्सलांचा मुक्काम आमच्या गोदामांत असतो. याचं पार्सल दोन दिवस 'भिवंडी हब' इथे पडून होतं, घरापासून रिक्षानं वीस मिनिटांवर. तिसऱ्या दिवशी ते मुंबईला गेलं, चौथ्या दिवशी परत भिवंडीला आलं, आणि मग घरी. शास्त्री त्या चार दिवसांत हिशेबाच्या तीन वह्यांमध्ये चुकला.

तिसरा आला क्लास-ए. हा या जमातीचा सोमरस. यात गाणं चालू असो वा नसो, ट्रान्झिस्टरमधून वीज अखंड वाहती ठेवतात. त्यामुळे आवाजात म्हणे सांधा राहत नाही. पण अर्धा वॉट गाण्यासाठी साठ-सत्तर वॉटची भट्टी पेटलेली. गाणं गुणगुणतं आणि बाकी सगळ्याची ऊब होते. भिवंडीच्या मे महिन्यात शास्त्री घामानं निथळत मल्हार ऐकायचा. थंडीत मात्र त्या ॲम्पचा घराला खरा उपयोग झाला. वहिनी रात्री त्याच्यावर विरजण ठेवतात. दही असं लागतं, की भांडं उपडं केलं तरी हलत नाही. "याच्या आधीच्या दोन्हीवर एवढं घट्ट लागत नव्हतं," असं त्या म्हणाल्या. त्या घरातली ॲम्पची ही एकमेव निःपक्षपाती तुलना.

मधे मी एक खटपट करून पाहिली. २०११ साली एका इंजिनिअरनं हेडफोनसाठी एक छोटासा ॲम्प काढला, ओ-टू नावाचा. सगळा नकाशा जगाला फुकट देऊन टाकला. यंत्रांनी मोजमापं घेऊन दाखवलं की थोड्या पैशांतही काम चोख होतं. स्वतःचं खरं नाव त्यानं कधी सांगितलं नाही, आणि २०१२ नंतर तो जो गप्प झाला तो आजतागायत. कोण होता, कुठे गेला, कुणालाच पत्ता नाही. मी म्हटलं, "अरे, हा घे की. दोन नऊ व्होल्टच्या बॅटऱ्यांवरसुद्धा चालतो." शास्त्रीनं विचार केला आणि म्हणाला, "एवढ्या स्वस्तात चांगली वस्तू दिल्यावर माणसाला परागंदाच व्हावं लागणार." त्यानं घेतला नाही ते नाहीच.

आता हा ऐकतो काय? गाणं नाही. त्याच्याकडे एका जुन्या खासगी मैफलीची फीत आहे, मालकंसाची. त्यात बुवा मध्यमावर येऊन थांबतात आणि श्रोत्यांत कुणीतरी खोकतो. शास्त्री त्या खोकल्याचा अभ्यास करतो. फोनला लावलं तर खोकला नुसताच 'हॉलमध्ये कुठेतरी'. व्हॉल्व्हवर तो ऊबदार होतो, आल्याचा काढा घेतल्यासारखा. अमेरिकन ॲम्पवर तिसऱ्या रांगेत, डावीकडे. क्लास-ए वर शास्त्रीनं मला छातीवर हात ठेवून सांगितलं, "सतरंजीवर बसलाय. आणि ही सर्दी नाही, हा दमा आहे." बुवांचा मध्यम कसा लागला ते मी विचारलं, तर म्हणाला, "बघायला पाहिजे."

एकदा पलीकडच्या कारखान्यातले, माग दुरुस्त करणारे जॉबरचाचा माडीवर आले होते, पाण्याच्या मोटारीचं काहीतरी बोलायला. तीस वर्षं मागांच्या आवाजात काढलेला माणूस. त्यांच्याशी बोलायचं तर कानाशी जाऊन ओरडावं लागतं. शास्त्रीनं कौतुकानं त्यांच्या डोक्यावर एचई-६ चढवला, फीत लावली आणि नवी सून पोह्यांची बशी देऊन उभी राहावी तसा समोर उभा राहिला. चाचांनी डोळे मिटले. अर्धं मिनिट गेलं, एक मिनिट गेलं. कपाळावर आठी आली. शास्त्रीच्या जिवाची घालमेल. मग चाचांनी हेडफोन काढून हलकेच गादीवर ठेवला.

"चौदा नंबर का पट्टा ढीला है," ते म्हणाले आणि तरातरा जिना उतरून गेले.

खरंच होता. मी पाहून आलो.

कुणी म्हणेल, भिवंडीत शुक्रवारी माग बंद असतात, तेव्हा ऐकावं. बरोबर आहे. पण माग बंद म्हणजे कापडाच्या गादीलाही सुट्टी, आणि आठवड्यातला तो एकच दिवस शास्त्रीला ॲम्प बघायला लॅमिंग्टन रोडला जाता येतं. रविवारी तिथली दुकानं बंद. मग सकाळी रिक्षानं अंजूर फाटा, पुढे कशेळीवरून ठाणं, ठाण्याहून दादर, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड. डॉक्टर भडकमकरांचं नाव त्या रस्त्याला देऊन इतकी वर्षं झाली, पण ॲम्प घ्यायला कुणी भडकमकर मार्गावर जात नाही, लॅमिंग्टन रोडलाच जातो. रात्री नऊला तो परत येतो. जेवेपर्यंत दहा वाजतात, आणि मग तो थकलेला असतो.

तरी एकदा त्याला खरं ऐकू आलं. मीच साक्षीदार आहे.

पावसाळ्यातली रात्र. तो ऐकत बसलेला, मी पेपर वाचत. अचानक करंट गेला. पलीकडचे माग दोन दणक्यांत गप्प झाले. पंखा फिरत फिरत मंदावला. आणि शास्त्रीचा चेहरा एकदम बदलला. झालं होतं असं, की फीत ज्यातून वाजत होती तो फोन त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर चालूच होता, आणि क्लास-ए च्या पोटात तांब्याएवढे दोन कपॅसिटर आहेत, त्यांत साठलेली वीज संपायला दोन-तीन सेकंद लागतात. तेवढ्या दोन-तीन सेकंदांत भिवंडी गप्प होती आणि ॲम्प जिवंत होता. मग गाणं विरत विरत गेलं.

अंधारात बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "मध्यम लागला रे."

दुसऱ्या कुणी तेवढ्यावर समाधान मानलं असतं. यानं पुढच्या शुक्रवारी कपॅसिटरची चौकशी केली. तीन सेकंदांचे दहा सेकंद करायचे तर किती लागतील? आकडा आला तो ॲम्पच्या पोटात मावणारा नव्हता. शिवाय नुसता कपॅसिटर असून काय करता, करंट जायला तर हवा! लोडशेडिंगच्या काळात भिवंडी तासन्‌तास अंधारात असायची. २००७ च्या प्रजासत्ताक दिनापासून महावितरणनं इथलं वीजवाटप टोरंट कंपनीला फ्रँचायझीवर दिलं. देशातला तो तसला पहिला प्रयोग, आणि तेव्हापासून पुरवठा सुधारला. सुधारलेल्या पुरवठ्याबद्दल हळहळणारा भिवंडीत मी पाहिलेला हा एकच इसम. "पूर्वी कसा हक्काने जायचा," तो म्हणतो.

इन्व्हर्टर त्यानं लावून पाहिला, पण त्याची घरघर एचई-६ मध्ये उतरली. शेवटी मानकोलीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्या मित्राकडून ट्रकच्या दोन बॅटऱ्या आल्या. बारा-बारा व्होल्टच्या, एकेक उचलायला दोन हमाल. पद्मानगरच्या एका वायरमननं ॲम्पचं पोट फाडून तो चोवीस व्होल्टवर चालेल असं करून दिलं. वहिनी जिन्यात उभ्या राहून बॅटऱ्या वर जाताना पाहत होत्या. एवढंच म्हणाल्या, "आता खाली चाकं लावा, म्हणजे घर नाशिकला तरी नेता येईल."

आणि मग आम्ही करंट जायची वाट पाहू लागलो. अकरा दिवस गेला नाही. बाराव्या रात्री, पाऊस थांबल्यावर, साडेअकराच्या सुमाराला गेला. आळी काळोखात बुडाली. माग थांबले. दूर कुठेतरी बेडूक. शास्त्रीनं थरथरत्या हातानं हेडफोन चढवला, फीत लावली. मी श्वास रोखून. पाच मिनिटं गेली असतील. त्यानं फीत थांबवली.

"जरा खाली बघून ये रे. एक माग चालू राहिलाय का?"

मी टॉर्च घेऊन गेलो. कारखान्यात काळोख. पायरीवर चाचा बिडी ओढत बसलेले. वर येऊन सांगितलं, सगळं बंद आहे.

"मग हे काय ऐकू येतंय?"

त्यानं हेडफोन काढला. तरी ऐकू येतच होतं. बारीक, एकसुरी, न थांबणारं. दोन्ही कानांत. आम्ही खाली गेलो. त्यानं चाचांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. चाचांनी बिडीची राख झटकली.

"भाई, वो तो सबको बजता है," ते म्हणाले. "मेरे को बीस साल से बजता है. माग चालू रहे तो पता नहीं चलता."

शास्त्री त्या रात्री परत माडीवर गेला नाही. चाचांशेजारी पायरीवर बसून राहिला, करंट येईपर्यंत. दोघं काहीच बोलले नाहीत, म्हणजे चाचांशी बोलायचं तर ओरडावं लागलं असतं आणि आळी झोपली होती.

वहिनींच्या आग्रहानं त्याला ठाण्याला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवून, कानाला हेडफोन लावून, बारीक बारीक सूर ऐकवून त्यांनी आलेख काढला. रेघ बरी चालली होती ती चार हजार हर्ट्झला धाडकन खाली. पावसाळ्यात अंजूर फाट्याच्या रस्त्यात असतो तसा खड्डा. सततच्या गोंगाटात राहिलेल्या कानांत तो नेमका तिथेच पडतो, डॉक्टर म्हणाले, आणि एकदा पडला की बुजत नाही. मी शास्त्रीकडे पाहवेना म्हणून भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे पाहत राहिलो. ॲम्प चाळीस हजार हर्ट्झपर्यंत सरळ रेघ मारतो म्हणून यानं आठवडाभर पेढे वाटले होते.

शास्त्री बराच वेळ आलेख निरखत होता. मग त्यानं विचारलं, "डॉक्टर, हे मोजायला हेडफोन कुठला वापरता?"

डॉक्टरांनी उलटून पाहिला. टीडीएच-३९, कान तपासायला सगळीकडे वापरतात तो.

"ओहम किती?"

"दहा."

"दहा!" शास्त्री माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी तेज आलं होतं. "दहा ओहम चालवायला काय करंट लागत असेल! आणि ॲम्प बघ त्यांचा, केवढासा आहे. खड्डा पडणारच."

तर, क्लास-ए विकायचा आहे. वापर कमी, मूळ खोकं आहे, चोवीस व्होल्टवर केलेला आहे, सोबत ट्रकच्या दोन बॅटऱ्या. त्या जिन्यानं उतरवून नेणं घेणाऱ्याकडे. किंमत बोलून ठरवू. बघायला शुक्रवारीच या, माग बंद असतात. तो स्वतः घरी नसेल, लॅमिंग्टन रोडला गेलेला असेल, पण वहिनी दाखवतील. फक्त सकाळी जरा उशिरा या, वर विरजण असतं.